रिकाम्या फीडरचा काटा

कारखाना बंद पडला तेव्हा सगळे गेले आणि पॅनेलमामा राहिले. राहिले म्हणजे त्यांना ठेवून घेतलं. तळघरात पाणी झिरपायचं. ते उपसणारा पंप चालू हवा, पंपाला विजेचं पॅनेल जिवंत हवं, आणि जिवंत पॅनेलपाशी जाणता माणूस हवा. पॅनेल विकत घेणाऱ्याचा ट्रक येईपर्यंत एवढंच काम. ज्याला बायको नाही, पोरं नाहीत, असा माणूस या कामाला बरा पडतो, हे मालकलोकांना कुणी शिकवावं लागत नाही.

पॅनेल रूम हॉलच्या टोकाला होती. करड्या रंगाच्या लोखंडी कपाटांची एक लांब ओळ, समोर रबरी चटई, एक खुर्ची, एक स्टूल. एकेका मोटरसाठी एकेक कपाट, त्याला फीडर म्हणायचं. मिक्सरचा फीडर, ब्लोअरचा, चक्कीचा, पट्ट्याचा. प्रत्येक दारावर एक लाल दिवा, एक हिरवा, दोन बटणं आणि वर काचेआड एक मीटर. मोटरवर किती भार पडतोय ते त्या मीटरचा काटा सांगायचा.

खोलीला हॉलकडे खिडकी नव्हती. त्यामुळे मामांनी आपली माणसं जन्मभर पाहिली ती काट्यांतच. मिक्सरवरचा बुटक्या तीन फावडी माती भराभर टाकायचा आणि मग कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. काटा तीन घोटांत वर चढायचा आणि सावकाश उतरायचा. ब्लोअरवरच्या माणसाला सगळे घाई म्हणत. तो हवेची झडप एका हिसक्यात उघडायचा, काटा टुणकन उडायचा, थरथरायचा, मग चूक कळली की घाई झडप निम्मी मिटायचा.

चहाच्या वेळी मामा त्याला धरायचे. "काय रे, आज बायकोशी वाजलंय वाटतं?"

"मामा, तुम्हाला कोण चुगली करतं?"

"तुझाच काटा."

सगळे खो खो हसायचे. आता हसायलाही कुणी नव्हतं. मोटरी उचलून नेल्या होत्या, केबली कापून भंगारात गेल्या होत्या. गेटवर एक वॉचमन होता, पण त्याला मोबाइलवर सिनेमे बघण्यापुढं जगाची शुद्ध नसायची. तळघरातला पंप आपला घुमायचा आणि मामा त्याचं ऐकत बसायचे. एकटेपणा माणसाला कसा खातो ते त्यांना तिथं कळलं.

दुपारी ताईचा फोन यायचा, तेवढाच काय तो माणसाचा आवाज. आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनंच शिवणकाम करून त्यांना वाढवलं होतं. आता तीही एकटीच होती. त्या दिवशीही तिचा फोन आला.

"बाळ्या, शनिवारी येतोयस ना कायमचा?"

"ट्रक आला की निघतो."

"ट्रक काय जावई आहे तुझा, वाट बघायला? तुझा जीव त्या कपाटांत अडकलाय, दुसरं काही नाही. तुझ्या खोलीला पडदे शिवायला घेतलेत मी. निळे." मग म्हणाली, "छातीत भरून येतं रे हल्ली. घरात कुणी असलं म्हणजे बरं."

"डॉक्टरकडे जाऊन ये."

"डॉक्टर काय रात्री पाणी देणारे मला? तू ये."

येतो म्हणाले मामा. पंपाकडे काय, वॉचमनसुद्धा बघू शकला असता. शनिवारी खरंच जायचं त्यांच्या मनात होतं.

त्याच दुपारी ते पॅनेल पुसत होते. मिक्सरच्या मीटरची काच पुसली आणि काटा हलला. यात नवल काहीच नाही. कोरड्या फडक्यानं काच घासली की असे काटे हलतात, पॅनेलवर काम केलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. त्यांनी ओलं फडकं फिरवलं. काटा शून्यावर बसला. मामा पुढच्या कपाटाकडे वळले, तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना तो पुन्हा चढताना दिसला.

एक घोट, दुसरा, तिसरा. मग सावकाश खाली.

त्यांनी दार उघडलं. आत फ्यूज नव्हते, ते त्यांनीच काढून ठेवले होते. केबलीचे कापलेले तुकडे टेप गुंडाळून पडले होते. टेस्टर लावला, तर वीज नावालाही नाही. दार लावून वर पाहिलं. एक घोट, दुसरा, तिसरा.

"बुटक्या?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

कारखाना बंद झाल्यावर वर्षाच्या आतच बुटक्या तापानं गेला होता. मामा त्याच्या घरी भेटायला जाऊन आले होते, त्याच्या फोटोसमोर उभे राहिले होते.

दुसरा कुणी असता तर धूम ठोकून पळाला असता. मामांच्या अंगावर काटा आला, हे खरंच. पण त्याच्या खालोखाल जे वाटलं ते त्यांचं त्यांनाच कबूल करायला लाज वाटली. त्यांना बरं वाटलं. फार दिवसांनी कुणीतरी कामावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची मिक्सरसमोर ओढली. डबा तिथंच खाल्ला. "दमानं रे, कुठं पळून चाललीय माती," असं अधूनमधून म्हणत राहिले. शनिवार आला तसं ताईला सांगितलं की पंप आवाज करतोय, इतक्यात निघता येणार नाही. पंप घड्याळासारखा चालला होता. ताई नुसतं "बरं" म्हणाली. ते "बरं" मामांना दिवसभर टोचत राहिलं, तरी ते खुर्चीवरून उठले नाहीत.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ब्लोअरचा काटा टुणकन उडाला. थरथरला. मग निम्म्यावर आला.

"आला बघ घाई! हा कधी सुधारणार नाही!" मामा मांडीवर थाप मारून हसले.

आणि हसता हसता थांबले. घाई तर जिवंत होता. दुसऱ्या कारखान्यात लागला होता, परवाच त्याच्याशी बोलणं झालं होतं.

त्यांनी फोन लावला. घाईच्या मुलानं उचलला. मागं बायकांचं रडणं ऐकू येत होतं.

"मामा? तुम्हाला कुणी सांगितलं? बाबा आत्ता, जेवता जेवता... अजून आम्ही कुणालाच कळवलेलं नाही."

मामांनी फोन ठेवला. ते खोलीबाहेर आले आणि त्या दिवशी पुन्हा आत गेले नाहीत. हॉलमध्ये मोटरींचे रिकामे चौथरे होते. ब्लोअरच्या चौथऱ्याला हात लावायची त्यांना हिंमत झाली नाही. गेटवर वॉचमनजवळ जाऊन बसले.

"मामा, भूत बघितल्यासारखं तोंड का झालंय?"

"उद्या जातो मी बहिणीकडे. पंपाकडे तू बघ. कळ खाली ओढली की बंद, वर ढकलली की चालू, बाकी कशाला हात लावू नकोस."

"मग ट्रक आल्यावर?"

"ट्रक गेला खड्ड्यात."

लगेच त्यांनी ताईला फोन केला. "उद्या सकाळच्या बसनं निघतोय. कायमचा."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ."

ताई हसली. तिचं ते हसणं ऐकून मामांना भरून आलं. आठवडाभर आपण कशापायी या बाईला ताटकळत ठेवलं, असं होऊन गेलं. "ये बाबा," ती म्हणाली. "पडद्याची खालची दुमड राहिलीय, ती सकाळपर्यंत उरकते. तू येशील तेव्हा लावलेले असतील."

सकाळी ऊन चांगलं वर आलं होतं. मामांनी पिशवी भरली, वॉचमनला घेऊन पॅनेल रूममध्ये आले आणि त्याला पंपाची कळ दाखवली. मिक्सर आणि ब्लोअरकडे त्यांनी मान वर करून पाहिलं नाही. तोंड दाराकडे केलं.

दाराशेजारी ओळीतलं शेवटचं कपाट होतं. त्यावर 'स्पेअर' अशी पट्टी होती. पुढंमागं कधी एखादी मोटर वाढली तर असावं म्हणून ठेवलेलं. ती कधी वाढलीच नाही. त्या कपाटाला कधीच काही जोडलेलं नव्हतं.

त्याचा काटा वर होता.

वर, आणि स्थिर. बराच वेळ तसाच. मग खाली. मग पुढंमागं दोन-तीन बारीक ठोके. पुन्हा वर, स्थिर, लांबच लांब.

मामांनी डोक्यात सगळ्यांची उजळणी केली. चक्कीवाला असा चालवत नसे. पट्ट्यावरचा तर नाहीच. हा हात कारखान्यातला नव्हता. इतका शांत, इतका सरळ हात कारखान्यात कुणाचाच नव्हता.

"मामा, बस चुकेल," वॉचमन म्हणाला.

लांब शिलाई. कोपरा आला की थांबणं. कापड वळवणं. टाका पक्का करायला दोन-तीन टाके पुढंमागं. मग पुन्हा लांब शिलाई. याच लयीच्या आवाजात ते लहानपणी शिलाई मशीनशेजारी बसून अभ्यास करायचे. पहिल्या पगारानंतर त्या मशीनला छोटी मोटर त्यांनीच बसवून दिली होती.

"नाही," मामा म्हणाले. "नाही, नाही, ताई, नाही."

फोन खिशातून निघेना. निघाला तर आधी नंबर चुकला. एकदाचा लागला.

पलीकडं रिंग वाजली.

काटा झर्रकन खाली आला आणि शून्यावर थांबला.

मामा कानाला फोन लावून त्याच्याकडे बघत राहिले. रिंग वाजत होती. काटा हलत नव्हता. रिंग वाजत वाजत शेवटी आपोआप बंद झाली.

काटा आणखी थोडा वेळ थांबला, फोन पुन्हा वाजतोय का ते बघितल्यासारखा. मग उरलेली दुमड घ्यायला वर चढला.