अर्धा सेट

कॅरलच्या परीक्षेला दोन महिने राहिले होते, तेव्हा आम्ही विरारला एक खोकं आणायला गेलो. भर दुपार होती. मिक्सरचं खोकं, वर सुतळी. कल्पेश नावाच्या मुलाने ते दिलं. तो तिच्याच कॉलेजात दोन वर्षं पुढे होता, आता पास होऊन डॉक्टर झाला होता.

"आजोबा, सांभाळून. ओरिजिनल आहे," तो म्हणाला. "मला पण हा सेट माझ्या सीनियरनेच दिला होता."

मी बसमध्ये ते मांडीवर घेतलं. वजनावरून कळलं आत काय आहे ते. चाळीस वर्षं मी आमच्या चर्चच्या दफनभूमीत खड्डे खणले. आमच्याकडे जागा कमी. जुनं थडगं काही वर्षांनी उघडायचं, हाडं वेचून हाडांच्या विहिरीत सोडायची, मग नवा माणूस. शाळा मी चौथीत सोडली. पण हाड डावं की उजवं, ते मला डोळे मिटून सांगता येतं.

कॅरल माझी नात. तिचे आईबाप कुवेतला, म्हणून होळी गावातल्या घरात आम्ही दोघंच. ती परदेशात डॉक्टरकी शिकली. त्या देशाचं नाव घ्यायची मला गरज वाटत नाही. तिकडे आधी शरीर शिकवतात, मग शरीरात काय बिघडतं ते, मग औषधं, मग वॉर्ड. हिचं शरीराचं वर्ष करोनात गेलं. ओट्यावर बसून, फोनवर. मढंसुद्धा फोनवर! तिकडे मास्तर मढ्याच्या पोटात हात घालतोय आणि इकडे ही चहात बटर बुडवतेय. पुढे वॉर्डात गेली, तर रोगी त्यांच्या भाषेत कण्हणार, ही मागे उभी. सहा वर्षांनी डिग्री घेऊन आली, तर इथलं सरकार म्हणालं, आधी आमची परीक्षा द्या. दोनदा नापास. हाडांवरचा एकही प्रश्न येत नसे. आता पुन्हा नापास झाली तर बापाने सांगून टाकलं होतं, कुवेतला ये, दुकानात बस.

घरी आल्यावर तिने खोकं उघडलं. मी एक हाड उचललं.

"हे काय फासलंय?"

"आजोबा, तो रंग आहे. लाल म्हणजे मसल इथून निघतो, निळा म्हणजे इथे चिकटतो."

"मेलेल्या माणसाला रंगवता?"

"सगळे रंगवतात."

तिने मांडीचं हाड हातात धरलं. "हे उजवं."

"डावं," मी म्हणालो. "गोल डोकं आत बघतं. कड पाठीमागे. शेतकरी कुदळ उलटी धरत नाही, तू हाड उलटं धरतेस. सहा वर्षं काय केलंस?"

ती रडकुंडीला आली. मी खोक्यातलं सगळं बाहेर काढलं. मग नीट बघितलं. कवटी, मणके, आणि बाकी सगळं एकाच बाजूचं. डावं.

"बाकीचा कुठे आहे?"

"अर्धाच सेट मिळतो आजोबा. दोन्ही बाजू सारख्याच ना. दुसरा अर्धा असेल कोणाकडे तरी."

"कोणाकडे?"

"मला काय माहीत!"

म्हणजे माणूस दोन घरांत. मला चीड आली. मी आयुष्यात अर्धा माणूस पुरलेला नाही.

पहिल्याच आठवड्यात तो प्रकार सुरू झाला. चर्चमध्ये सकाळी सहाच्या मिस्साला जायला मी उठलो. बाहेरच्या खोलीत देवाच्या आल्तारासमोर चटई अंथरलेली, आणि तिच्यावर हाडं. नुसती पसरलेली नव्हती, मांडलेली. पाय आल्ताराकडे, जसं आमच्या घरात मढं ठेवतात तसं. हाताच्या मनगटात चिंचोक्याएवढी आठ हाडं असतात. कल्पेशच्या सेटमध्ये ती तारेत ओवलेली होती; तार तुटून ती सुटी झाली होती. कॅरलला ती आठ काही केल्या लावता येत नव्हती. चटईवर ती आठच्या आठ जागेवर होती. चटईची डावी बाजू भरलेली. उजवी रिकामी.

मला वाटलं, पोरगी एकदाची अभ्यासाला लागली. पण आल्तारासमोर मांडायचं? परत आल्यावर मी तिला झापलं.

"शिकून झालं की खोक्यात भरायचं. देवासमोर पसारा नको."

ती काहीतरी पुटपुटली आणि हाडं भरून टाकली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. खोलीत ओल्या मातीचा वास येऊ लागला. पावसाळा जाऊन महिना झाला होता, अंगण कोरडं ठणठणीत. तो वास मला ठाऊक आहे. चार फूट खाली गेल्याशिवाय तो येत नाही.

वीसेक दिवसांनी जेवताना ती म्हणाली, "आजोबा, थँक्यू हां."

"कशाबद्दल?"

"रोज मांडून ठेवता ना मला शिकवायला. तुम्ही ओरडता, पण मांडता. ती आठ हाडं आता पाठ झाली. आधी नुसती नावं घोकायचे, आता हाताला कळतात."

माझा घास तसाच राहिला.

"तू... नाही मांडत?"

"मी? मी तर साडेसातला उठते." ती हसली. मग हसायची थांबली. "तुम्हीच मांडता ना, आजोबा?"

तिच्या तोंडाकडे मी पाहिलं. परीक्षेला पाच आठवडे. हिला खरं सांगितलं तर ही त्या खोक्याला हात लावणार नाही.

"मीच," मी म्हणालो. "दुसरं कोण मांडणार? जेव."

जन्मात फार खोटं बोललो नाही. ते एक बोललो.

दुसऱ्या सकाळी मी चटईशेजारी खाली बसलो. बाहेर उजाडत होतं. गुडघे दुखत होते, राग येत होता. हे वय आहे का मेलेल्यांशी हुज्जत घालायचं?

"हे बघ," मी म्हणालो. "तू कोण, मला ठाऊक नाही. हिंदू असशील, ख्रिस्ती असशील. पोरीला शिकव. ती पास होऊ दे. मग मी तुला माती देतो. अख्खा पुरीन. मी अर्धा माणूस पुरत नाही. माझा शब्द आहे."

काही झालं नाही. फक्त वास थोडा वाढला.

कॅरल पास झाली. फोनवर निकाल बघून ती अंगणभर नाचली. मी कुदळ बाहेर काढली आणि खोकं कुठे आहे विचारलं.

"ते मी काल आगाशीच्या ॲलिस्टरला दिलं. त्याची परीक्षा आहे आता."

"मला न विचारता?"

"आजोबा, ते पुढच्याला द्यायचंच असतं. कल्पेशने मला दिलं, मी त्याला."

"माझा शब्द गेलाय त्यावर!"

"कोणाला दिला शब्द?"

मी कुदळ परत ठेवली.

दुसऱ्या सकाळी चटई अंथरलेली होती. तिच्यावर एकच हाड. डाव्या गळपट्टीचं, लाल-निळं. मी ते शर्टाच्या खिशात घालून दफनभूमीत नेलं आणि कोपऱ्यात एक खड्डा खणला. त्यानंतर रोज सकाळी थोडं थोडं येत गेलं. मी नेऊन ठेवत गेलो. आठ दिवसांनी ॲलिस्टरचा फोन आला. कॅरलने स्पीकरवर लावला.

"ए कॅरल, हा काय फालतूपणा? खोक्यातली हाडं रोज कमी होतायत. घरात कोणी येत नाही, कुत्रा नाही..."

"नीट मोजलीस का?"

"मी काय वेडा आहे? कवटी पण गेली आज!"

कवटी त्या सकाळी मीच पुरली होती. कॅरलने माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्र वर केलं.

महिन्याने सगळं आलं. शेवटी पायाच्या करंगळीचं, हरभऱ्याएवढं. मी खड्डा बुजवला, क्रूस केला आणि म्हणालो, "झालं तुझं. आता मला मिस्साला सुखाने जाऊ दे."

त्याच्या दुसऱ्या दिवशी चटई पुन्हा अंथरलेली होती. तिच्या उजव्या बाजूला एक हाड. गळपट्टीचंच, पण उजवं. त्यावर रंग नव्हता. लाल नाही, निळा नाही. कोणी कधी त्यावर शिकलेलं नव्हतं.

मी चिडलो. पण अख्खा पुरीन म्हणालो होतो, तेव्हा नेऊन पुरलं. मग खांद्याचं पान आलं. मग दंडाचं. दुसरा अर्धा ज्याच्या घरी होता, तिथून येत असेल, असं मी मनाशी धरलं.

आज सकाळी कोपराखालचं आलं. उजवं. ते मधोमध वाकडं होतं, एकदा मोडून वेडंवाकडं जुळलेलं.

दहा वर्षांचा असताना रहाटात सापडून माझा उजवा हात मोडला होता. वैदूने बांधला, तो वाकडाच जुळला. बासष्ट वर्षं, आधी शेतात, मग दफनभूमीत, मी त्याच हाताने कुदळ चालवली. ते वाकण मी चांगलं ओळखतो.

हाड मी अजून पुरलेलं नाही. ते चटईवरच आहे.

दुपारी कॅरल इस्पितळातून आली. मी ओट्यावर बसलो होतो. तिची पाण्याची बाटली घ्यायला मी उजवा हात पुढे केला, तर ती थांबली. तिने माझं मनगट धरलं. अंगठा हळूहळू कोपराकडे दाबत नेला. पुन्हा मागे आणला. आता तिचे हात चांगले चालतात. डोळे मिटून सांगते.

"आजोबा..."

"काय?"

"तुमचा हात वाकडा होता ना?"

तिने पुन्हा दाबून पाहिलं.

"हा... सरळ आहे. आणि आजोबा, हा हात..." तिने आवाज खाली आणला. "हा एवढा थंड का आहे?"

मी हात सोडवून घेतला. माझं हाड चटईवर होतं, आत आता कोणाचं होतं ठाऊक नाही. बाहेरच्या खोलीतून ओल्या मातीचा वास येत होता. त्याची उजवी बाजू पूर्ण भरायला अजून पुष्कळ हाडं बाकी आहेत. आणि शब्द मी दिलेला आहे.