लँडलाइनवरचा वारा

अंबरनाथच्या उकाड्यात, एका हवामान कंपनीच्या ऑफिसात बसून मी हिमवादळाचे अंदाज सांगते, म्हणून सासरी, बदलापूर गावात, मला सगळे बर्फवाली बाई म्हणतात. हसा, हसा. हिमाचलच्या घाटांत ट्रक पाठवणारे मालक मात्र आमचं बुलेटिन वाचल्याशिवाय गाडी हलवत नाहीत.

यंदा जानेवारीत माझे मिस्टर, राजेंद्र, मित्रांबरोबर गाडीने तिकडेच गेले होते. सकाळी त्यांनी फोनवर विचारलं, कधी निघू? मी नकाशे पाहिले आणि म्हटलं, "दुपारी आरामात जेवून निघा. वादळ संध्याकाळी येईल." आणि निवांत माझ्या कामाला लागले.

दुपारी मी डबा उघडला आणि लाइट गेली. पंखे थांबले, शेजारच्या कारखान्याची घरघरही थांबली. त्या शांततेत कोपऱ्यातला लँडलाइन वाजला. त्यावर हल्ली कुणी फोन करत नाही.

रिसीव्हर लावला तसा कान गार पडला. आत वारा होता, श्वासही न घेता घोंघावणारा. ओल्या लोकरीचा वास आला. फोनमधून कधी वास येतो का? मला आला.

"यशू..." यांचाच आवाज. "काही दिसत नाही गं... गाडीची दारं उघडत नाहीत... तू तर संध्याकाळी म्हणाली होतीस..."

फोन कट झाला.

तशीच लॅपटॉपशी धावले. आमचे नकाशे ग्रिनिचच्या वेळेत येतात. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ निघते. हाताला ती सवयच झालेली. पण त्याच आठवड्यात आलेलं नवं सॉफ्टवेअर थेट भारतीय वेळ दाखवत होतं, आणि मी त्यावर पुन्हा साडेपाच तास चढवले होते. वादळ संध्याकाळी नव्हतंच. ते आत्ता येत होतं.

"ट्रकवाल्यांना थांबव आधी! सगळ्यांना!" मी शेजारच्या टेबलावरच्या संजीवनीला ओरडून सांगितलं आणि यांचा मोबाइल लावला. पलीकडे भांड्यांचा आवाज, हसणं.

"अगं, आत्ता कुठे राजमा आलाय. खाऊन निघतोच."

"तुम्ही... मघाशी फोन केलात ना?"

"मी? नाही बाबा. का गं?"

"अहो, निघू नका. माझी वेळ चुकली. पाया पडते, ढाब्यातच थांबा."

"बरं बाई, थांबलो. बर्फवाल्या बाईपुढे आमचं काय चालणार?"

थोड्याच वेळात त्यांचा फोन लागेनासा झाला. त्यानंतरचे दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. मग एकदाचा त्यांचा आवाज आला. रजया पांघरून पत्ते खेळत होते म्हणे! जीव भांड्यात पडला. मी रडले, हसले, उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून शेव-बर्फी आणून अख्ख्या ऑफिसला वाटली.

परवा, ऐन मे महिन्यात, हे मला न्यायला ऑफिसात आले. समोरच्या खुर्चीत घाम पुसत बसले आणि संजीवनीची थट्टा करू लागले. मी नुसती बघत होते. त्यांना बघून अजून माझं मन भरत नाही.

कोपऱ्यातला लँडलाइन वाजला. मी उचलला. कान गार पडला. वारा आता बराच मंदावला होता.

"यशू... अजून कुणी आलं नाही गं..."

समोर हे बशीत चहा ओतत होते. मी रिसीव्हर तोंडाशी घट्ट धरला.

"येतायत हं," मी हळूच म्हटलं. "तुम्ही गाडीतच थांबा."