चाळीस पानांचा इतिहास

"लेखनाची मदत इथंच मिळते ना?"

माझ्या लेखन-मदत कक्षाच्या दारातून आधी कागदांचा गठ्ठा आत आला आणि त्यामागून तो. आमच्या बॅप्टिस्ट सेमिनरीला, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेला, शंभर वर्षं होत होती, पुस्तिका निघायची होती. त्यात संस्थेचा इतिहास लिहायचं काम शेवटच्या वर्षाच्या या विद्यार्थ्याच्या गळ्यात पडलेलं. हवी होती चार पानं, बहाद्दरानं लिहिली होती चाळीस!

"काही कापू नका हं," तो म्हणाला.

"मग माझ्याकडे कशाला आलात? चहा प्यायला?"

"मिळतो का?"

आणि असा काही हसला... की मी पेन्सिलच उलटी धरली.

मग रोज दुपारी आमचे वाद. पहिला वर्ग संस्थापकांच्या स्वयंपाकघरात भरला, विद्यार्थी पाच – हे मी ठेवलं. कौतुकाची नऊ पानं उडवली. "पुरावा?" मी विचारायचे. "आणतो!" म्हणत तो पळायचा आणि नाकाला जुन्या वह्यांची धूळ लावून परत यायचा. तेवढ्यात मी सतरांदा दाराकडे बघायचे. काय सांगू!

पण सोमवारी तो जाणार होता. तीनशे किलोमीटरवरच्या एका छोट्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळक म्हणून. अशा मंडळ्यांना माणसं तयार करून द्यायला तर आमची सेमिनरी निघालेली. त्याला थांब म्हणणार तरी कुठल्या तोंडानं? आणि हा एक अवाक्षर काढेल तर शपथ!

शुक्रवारी त्यानं शेवटचं पान आणलं. त्यात होतं: पहिला पदवीधर एकटाच दूर पाठवला गेला आणि तीन महिन्यांत एकटेपणाला कंटाळून परत आला. तेव्हा संस्थापकांनी ठरवलं – यापुढे कुणाला एकटं पाठवायचं नाही.

"पुरावा?" मी सवयीनं विचारलं.

त्यानं ठरावांची पिवळी पडलेली वही उघडली. खरंच लिहिलं होतं!

"छान आहे. पण... परिच्छेद अर्धवट राहिलाय."

"पुढचं लिहिता येत नाहीये." त्याचे कान लालभडक झाले होते. "मला तू आवडतेस. खूप. माझ्याबरोबर येशील? म्हणजे लग्न करून... आधी तुझ्या आईबाबांना विचारून... तिथल्या शाळेला शिक्षिका हवीय, मी चौकशी केलीय, पण तुला नको असेल तर—"

"अहो, किती पाल्हाळ!" मी ओरडलेच. "हो! येईन!"

शेजारच्या वाचनालयातून "शूऽऽ" आलं. पाठोपाठ ग्रंथपालबाई, म्हणजे माझी सख्खी मावशी, कमरेवर हात ठेवून दारात!

"आवाज कमी," ती म्हणाली. मग चष्मा काढून तिनं डोळे पुसले. "आईला फोन तू करतेस, की मीच करू?"