दादासो : चालू

हसणार असाल तर हसा, साहेब. तुम्ही या कक्षात आजच रुजू झालात, तुमचा काय दोष? पण माझं होईपर्यंत मध्ये बोलू नका.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. मी साताऱ्याहून या पूर नियंत्रण कक्षात आले ती साध्या कामाला. नदीची पातळी साठवणाऱ्या दोन नव्या सर्व्हरांवर एजंट बसवायचा. एजंट म्हणजे छोटा प्रोग्राम. दर मिनिटाला तो पुण्याच्या मुख्य कार्यालयाला कळवतो, मशीन चालू आहे, डेटाबेस चालू आहे. तो गप्प झाला की तिकडे घंटा वाजते. पाचला काम उरकून नदीकाठच्या माझ्या गावी जायचं, आईच्या हातची भाकरी खायची, एवढाच बेत होता.

कक्ष सांभाळणारे गुंडाभाऊ चहा घेऊन आले. कोपऱ्यात स्टुलावर एक जुनं मशीन होतं. त्याला झेंडूची सुकलेली माळ, वर हळदकुंकू. वायर कापलेली.

"हे काय, भाऊ?"

"दादासोचं हाय. वरच्या अंगाला पाणी मोजायचा त्यो. मागच्या म्हापुरात ह्ये मशीन अडकलं, कुणाला कळलंच न्हाई. पडद्यावर सकाळचाच आकडा. दादासो फोनवर वरडत व्हता, पाणी लय वाढलंय म्हणून. सुमंतसायेब म्हनलं, मशीन तसं म्हनत न्हाई." भाऊंनी कप खाली ठेवला. "दादासो गेला पान्यासंगं. खंडेनवमीला समद्या मशिनींची पूजा हुती, तवा ह्येचीबी करतो."

माझं डोकंच फिरलं. जिवंत होता तेव्हा ऐकलं नाही, आणि आता कुंकू लावतात! तसं तोंडावर बोललेही.

एजंट बसवला. त्याच्या फाईलमध्ये दोन सर्व्हरांची नावं लिहिली, डेटाबेसचा पत्ता दिला, फक्त वाचायची परवानगी दिली. चालू करून पडदा उघडला. दोन हिरव्या ओळी होत्या. खाली तिसरी.

दादासो : चालू. त्रेचाळीस फूट.

कुणीतरी चेष्टा केली असेल म्हणून फाईल पाहिली. दोनच नावं. ओळ पुसली. मिनिटभरात ती परत आली, चव्वेचाळीस फूट घेऊन. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर लख्ख उजेड. आणि खोलीत गाळाचा वास सुटला. पूर ओसरल्यावर घराघरात येतो ना, तोच. मग स्टुलावरून पंख्याची घरघर सुरू झाली. कापलेली वायर तशीच लोंबत होती.

"भाऊ... ऐकू येतंय?"

"यिऊ दे," ते हळूच म्हणाले. "मॅडम... तुमच्या नव्या मशिनीचा आकडा बघा."

एकतीस फूट चार इंच. एक वाजता तेवढाच. बाराला तेवढाच. सकाळी नऊपासून तेवढाच! भर पावसाळ्यात नदी पाच तास इंचभर हलत नाही? वरचं मोजणारं यंत्र अडकलं होतं आणि शिळाच आकडा पाठवत होतं. मशीन चालू आहे का हे मी एजंटला विचारायला लावलं होतं. आकडा ताजा आहे का, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

वरचं पाणी खाली यायला तीन तास लागतात. खाली माझं गाव. तिथं आई, गुडघ्यांनी अधू.

मी कक्षाचे प्रमुख सुमंतसाहेब यांना बोलावलं. त्यांनी पडदा पाहिला आणि कपाळ पुसलं.

"ती तिसरी ओळ काढा. पुण्याला सगळं नीट दिसायला हवं."

"साहेब, गावांचा भोंगा वाजवा."

"कशाच्या जोरावर? बंद मशीनच्या? मी वर माणूस पाठवतो, तो बघून येईल."

"तोवर पाणी घरात शिरेल! दादासोंचंही असंच ऐकलं नव्हतं ना?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "बाजूला व्हा, मॅडम."

"नाही होत! माझ्याविरुद्ध काय लिहायचं ते लिहा."

ते पुढे आले, तसे गुंडाभाऊ आडवे उभे राहिले. "न्हाई सायेब. येकदा आयकलं तुमचं."

मी भोंग्याचं बटण दाबलं. मग आईला फोन लावला.

"आई, भोंगा ऐकलास? ऊठ, वरच्या शाळेत जा!"

"आगं नंदे, पर गाय..."

"दावं काप आणि तिलाही ने!"

साडेपाचला पाणी गावात आलं. आमच्या घरात छातीएवढं. माणूस एकही गेलं नाही. गायसुद्धा शाळेच्या व्हरांड्यात उभी होती.

चौकशी झाली. ती ओळ काढून टाका, असा कागद आला. मी काढली नाही, इथंच नोकरी मागून घेतली. पाणी उतरलं तशी ती ओळही उतरली आणि दोन फुटांवर थांबली.

आता मे महिना. नदीच्या वाळूत पोरं क्रिकेट खेळतायत, सकाळीच बघून आले. नव्या मशीनचा आकडा दोन फूट, आणि तो ताजा आहे. दहादा तपासला. पण बाराला दादासोंची ओळ हलली. सात फूट. एकला एकोणीस. तुमच्याशी बोलता बोलता एकेचाळीस झाली. कुठलं पाणी, कुठून येणार, मला ठाऊक नाही. आईला फोन केलाय, ती गाय घेऊन निघालीसुद्धा.

मघापासून तुम्ही नाकाला रुमाल धरलाय, साहेब. गाळाचा वास येतोय ना?

मग बाजूला व्हा. मला बटण दाबायचंय.