सात नंबरच्या दोन खुर्च्या

नाट्यगृहाच्या तिकीटखिडक्यांचा सर्व्हर ती सांभाळायची. त्या दुपारी सात नंबरच्या खिडकीकडून काहीच येत नव्हतं, तरी सर्व्हर म्हणे, सात नंबर जोडलेलाच आहे. त्या खिडकीने धरून ठेवलेल्या दोन खुर्च्या कोणालाच विकता येईनात. ती तणतणत खाली गेली.

आत तिकीटवाला निवांत बसला होता. नेटवर्कच्या डबीचा प्लग काढून त्याने तिथे चहाची किटली लावली होती.

"अहो, तुम्ही गेलात आणि सांगितलंही नाही!"

"गेलो कुठे? इथेच तर आहे."

"सर्व्हरला काय कळणार? न सांगता गेलेला आणि नुसता गप्प बसलेला, त्याला दोघं सारखेच."

त्याने किटली उचलली आणि हळूच म्हणाला, "अर्धा कप घेणार... सर्व्हरबाई?"

तिने घेतला. बाहेर भुरभुर पाऊस, काचेवर वाफ. वर काम पडलंय, हे ती विसरूनच गेली.

मग तो प्लग वरचेवर निघू लागला. ती रागवायला जायची आणि चहा पिऊन यायची. शेवटी साहेबांचा ओरडा बसला, तेव्हा तिने उपाय केला. सर्व्हर दर दहा सेकंदांनी प्रत्येक खिडकीला विचारणार, 'आहेस का?' तीनदा उत्तर आलं नाही, की जोडणी तोडायची आणि धरलेल्या खुर्च्या सोडायच्या.

"म्हणजे उद्यापासून तुम्ही खाली येणार नाही," तो म्हणाला.

"कशाला येऊ? आता वरच्या वर कळेल!"

हसत म्हणाली खरी, पण जिना चढताना तिला उमगलं. खाली जायचं निमित्त तिने स्वतःच्याच हाताने पुसलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती पडद्यासमोर बसली. सात नंबर, आहेस का? उत्तर नाही. आहेस का? नाही. तिसऱ्यांदाही नाही... आणि दारात धापा ऐकू आल्या.

"सोडू नका!" तो चौकट धरून उभा होता. "शनिवारच्या नाटकाच्या दोन खुर्च्या... आपल्यासाठी धरल्यात."

"आणि प्लग?"

"मीच काढला, तुम्ही 'आहेस का' विचारावं म्हणून. म्हटलं, तीनदा विचारेपर्यंत पोहोचेन वर."

"उशीर झाला. सर्व्हरने सोडल्या."

त्याचा चेहरा पडला. तिने पडद्याकडे वळून दोन कळा दाबल्या.

"आता मी धरल्या. एक माझी. दुसरी... आहात का?"

"आहे," तो म्हणाला. अजून धाप लागलेलीच होती. "आहे ना!"