काकांचं शेवटचं माप

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. हे माझ्या सख्ख्या मावशीसोबत घडलंय, आणि ती थापा मारणारी बाई नव्हे.

रविवार होता. भर दुपार. घरामागची कामाची खोली.

मावशी सर्किटं बनवते. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, तेही तेच करायचे. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. त्यांचा आवाज एका मेमरी कार्डावर उरला होता, पण ते वाजवणारा रेकॉर्डर जळालेला. कार्डावर नुसते आकडे. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारं सर्किट मावशी हातानं बांधत होती. कारण त्यांची सहा वर्षांची लेक चिमी बाबांचा आवाज विसरायला लागली होती.

अशा सर्किटात रेझिस्टरची, म्हणजे वीज अडवणाऱ्या इवल्या तुकड्यांची, शिडी असते. सगळे तंतोतंत जुळावे लागतात, नाहीतर आवाज फाटतो. म्हणून काका एकेक रेझिस्टर मीटरवर मोजायचे, मोठ्यानं आकडा सांगायचे आणि मग म्हणायचे, "घे," नाहीतर "टाक." घे म्हटलेला त्यांच्या डबीत. टाक म्हटलेला केरात.

शिडी झाली. कार्ड लावण्याआधी मावशीनं सर्किटला सगळीकडे शून्य दिलं. शून्य दिलं की स्पीकर गप्प हवा.

तो गप्प नव्हता...

कुणीतरी श्वास घेत होतं.

"खरखर असेल मेली," असं पुटपुटत तिनं बॅटरीच काढली.

श्वास चालूच...

मग आवाज आला.

"दहा हजार दोन... घे."

मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि खरं सांगायचं तर, आनंदही झाला. डोळे भरून आले तिचे.

"बाबा!" चिमी धावत आत आली.

"दहा हजार नव्वद... टाक."

मावशी ऐकतच राहिली. चिमीकडे तिचं लक्षच नव्हतं. पोरीनं मीटरच्या दोन्ही पिना बोटांत धरल्या होत्या. बाबांजवळ बसून नेहमी खेळायची तशी.

स्पीकर थांबला...

"चार लाख बारा हजार."

मावशीनं मीटरकडे पाहिलं. त्यावर चिमीच्या अंगाचा आकडा होता.

चार लाख बारा हजार.

"चिमे, सोड ते!" मावशी किंचाळली. मग स्पीकरकडे वळून ओरडली, "खबरदार! तिला नाही हं, सांगून ठेवते!"

आणि कटरनं स्पीकरच्या वायरी तोडल्या.

पुढचा शब्द आलाच नाही.

चिमी आता कॉलेजात आहे. मावशीच्या घरात आजही एक स्पीकर नाही. टीव्ही नाही, रेडिओ नाही. गेल्या महिन्यात चिमीनं हौसेनं इअरफोन आणले, तर मावशीनं ते कात्रीनं कापले.

"अगं, किती वर्षं झाली मावशी," मी म्हणालो. "आता काय होणारे?"

तिनं आवाज खाली आणला.

"तुझ्या काकांनी आयुष्यात एक माप अर्धवट सोडलेलं नाही रे."