परशुरामाची पाठवणी

परशुरामानं चंद्रावर पहिलं पाऊल टाकलं आणि तो उडाला तो थेट सगुणाच्या वाळत घातलेल्या लुगड्यात जाऊन गुरफटला.

"पाऊल हळू टाकायचं," लुगड्यापलीकडून आवाज आला. "इथं माणसाचं वजन करडाएवढं."

"मला कोणी सांगितलंच नाही."

"आता मी सांगितलं ना? लुगडं सोड."

त्यानं सोडलं... आणि पुन्हा वर निघाला. तिनं त्याचा पाय धरून त्याला खाली ओढलं. पाय सोडायला मात्र तिनं जरा उशीरच केला. हे तिनं पुढं कधी कबूल केलं नाही, म्हणून मी सांगतो.

साल अठराशे ब्याऐंशीच्या आसपासचं. ठाण्याला आगगाडी येऊन तीस वर्षं होत आली होती. बाकीच्यांचं तेवढ्यावर भागलं, कळव्याच्या चाळीस घरांचं भागलं नाही. सोळा वर्षांपूर्वीच नाथा तांडेलाच्या उडत्या गलबतातून ती चंद्रावर गेली होती. काचेच्या मोठ्या छपराखाली त्यांनी वाडी वसवली, मिठागरं आखली. खोटं वाटत असेल तर आज वर बघा. ते पांढरं दुसरं काय असणार?

पण मीठ नीट धरेना, म्हणून वाडीच्या म्होरक्यानं, गुणाजीनं, कळव्याहून परशुरामाला वर्षाच्या बोलीवर बोलावलं होतं. गलबत वर्षातून दोनदाच यायचं, दसऱ्याला आणि होळीला; परशुराम दसऱ्याच्या गलबतानं आला. सगुणा ही गुणाजीची मुलगी.

"वारा नाही, मीठ धरेल कसं?" वाफ्याच्या बांधावर बसून परशुराम म्हणाला.

सगुणा दोन वर्षांची असताना वर आलेली. "वारा म्हणजे कसा रे असतो?"

त्यानं विचार केला. मग सरकून जवळ आला आणि तिच्या कानाशी हळूच फुंकर घातली. बटा हलल्या.

"एवढाच?"

"हा नमुना गो. कळव्याला पोत्यानं मिळतो."

"नीट कळलं नाही," ती वाफ्यातल्या पाण्याकडे बघत म्हणाली. "अजून एक नमुना दाखव..."

वारा समजायला तिला दोन महिने लागले.

मग एक दिवस गुणाजीनं परशुरामाला बोलावलं. "वाडीची चाल माहीत हाय ना? आमच्या दोन मुली लग्न होऊन खाली गेल्या. इथं वाढलेली हाडं, खालचं वजन सोसलं नाही. अजून खाटेवरून उठल्या नाहीत. तेव्हापासून इथं मुलगी सासरी जात नाही. नवरा येतो. हळद त्याच्या घरून यायची, ओटी त्याची भरायची, पाठवणी त्याची, आणि गाणीही बायका त्यालाच म्हणतात."

"आणि माहेरपण?"

"नाही. वर्षाच्या वर राहिला तो इथलाच झाला. त्याचीही हाडं तशीच होतात."

परशुराम हसला, पण हसू अर्ध्यावर राहिलं. खाली आई होती. आवडाबाई. एकटी.

छपरावर धरती लटकलेली असायची, निळी, एकाच जागी. तिच्या कडेवरून कळवा वर यायचा, सरकत जायचा, बुडायचा. तो वर आला की परशुरामाचा हात थांबायचा. सगुणा बघायची. तिनं नमुने मागणं सोडलं.

"होळीला गलबत येतंय," एकदा ती म्हणाली. "तू जा."

"का गो?"

"कळव्याकडं बघत राहणारा नवरा मला नको."

"आणि कळव्यातून चंद्राकडं बघत राहणारा... तो कोणाला हवाय?"

 ती बांधावरून उठली नाही.

होळीला गलबत आलं. तो चढला नाही. नाथाला बाजूला घेऊन म्हणाला, "आईला विचार, मी आलोच नाही तर चालेल का?"

"हे मी विचारू?" नाथा म्हणाला. "वादळात गलबत घाल म्हण, घालतो."

तरी त्यानं विचारलं. मधल्या सहा महिन्यांत परशुराम दिवस मोजत होता आणि सगुणा त्याला मोजताना बघत होती. लग्नाचं दोघांपैकी कोणीही बोललं नाही.

दसऱ्याला नाथा उतरला. हातात गाठोडं. परशुरामानं गाठ सोडली. तांदूळ, नारळ, हळकुंडं, सुपारी.

"आई काय म्हणाली?"

"आधी चुलीपुढं बसून राहिली. मग उठून हे बांधलं. म्हणाली, पोरगी झाली असती तर एव्हाना दिलीच असती ना." नाथानं पागोटं काढून उगाच झटकलं. "आणि म्हणाली, त्याला सांग मी रडले नाही."

"खरंच नाही रडली?"

"गलबत सुटलं तेव्हा बंदरावर उभी होती. मी मागं वळून बघितलं नाही रे."

परशुराम तिथंच मांडी घालून बसला. खांद्यावरचं उपरणं त्यानं मांडीवर पसरलं आणि आईचे तांदूळ स्वतःच्याच हातानं त्यात ओतून घेतले. मग मान वर केली नाही.

सगुणा त्याच्या शेजारी बसली.

"रड," ती म्हणाली. "सासरी येणाऱ्याला कोणी हसत नाही."